आधी हातानं, मग पाव फेरा

१० सप्टेंबर, बुधवार

माझी धाकटी बहीण सुनीती आज फोनवर वैतागली. म्हणाली, "ताई, तुझ्या सुनेची गाऱ्हाणी ऐकून माझे कान किटले. वही घे आणि लिहून काढ ने. मला कुकर लावायचाय." इथं राहून तिच्या तोंडी 'ना'चं गुजराती 'ने' बसलंय. कपाटात माझ्या मुलाची, केयूरची, एक डायरी कोरी पडली होती. तीच घेतली आहे.

तर गाऱ्हाणं. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर लोक यात्रेला जातात. हे गेले आणि एक जुना ट्रक घेऊन आले. इथल्या गोरवा भागातल्या कारखान्यांचा माल इकडून तिकडे करायचा, विश्राम ड्रायव्हर म्हणून चालवणार, हे शेजारी बसणार. मला विचारलं नाही. चला, तेही मी गिळलं. आता ट्रक तेल गाळायला लागला आहे. इंजिनाच्या डोक्यावर झाकणं असतात म्हणे, टॅपेट कव्हर, त्यांच्याखालची पॅकिंग गेली. तेल झिरपून गरम पाइपावर पडतं आणि धूर होतो. विश्राम गाडी अंगणात लावून गावी निघून गेला. माझ्या तुळशीपुढे काळं थारोळं.

मी सांगून टाकलं, दसऱ्यापर्यंत हे प्रकरण नीट झालं नाही तर ट्रक विकायचा. हे लगेच "बरं" म्हणाले. इतक्या सहज हे कधी कशाला हो म्हणत नाहीत. मग म्हणाले, "आपण घरीच बदलू पॅकिंग." मला वाटलं, आपण म्हणजे आम्ही दोघं. आपण म्हणजे हे आणि श्रद्धा.

श्रद्धा माझी सून. औद्योगिक इस्टेटीतल्या पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. केयूर दूर दहेज गावी नोकरीवर, सुट्टी मिळाली की येतो, त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही तिघंच. हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण गणपतीत यांनी आरती म्हणता म्हणता तबक मध्येच तिच्या हातात दिलं. मी शेजारी उभी होते, अगदी खांद्याला खांदा लावून. माझ्यासमोरून तबक पलीकडे गेलं. ते अजून माझ्या घशात अडकलेलं आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

आज इंजिन उघडलं. पितृपंधरवड्यात नवं काही करू नये असं मी म्हटलं, तर हे म्हणाले, "नवं कुठं, जुनंच दुरुस्त करतोय." श्रद्धा हसली. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

ट्रकच्या नाकाशी स्टूल. श्रद्धा स्टुलावर उभी, केस बांधलेले, अंगात केयूरचा जुना शर्ट. हे खाली खुर्चीवर, हात बगलेत घालून, राजासारखे. सगळं तोंडानं. "तो बोल्ट नको, आधी शेजारचा. हां. पाना सरळ धर." ज्या माणसानं साधा नळ गळला तरी दुसऱ्या कुणाला पान्याला हात लावू दिला नाही, तो आज खुर्चीत बसून सुनेला शिकवतोय.

मी विचारलं, "मी काही धरू का?"

"तुला नाही कळणार, नलू. तेल लागेल साडीला."

लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकते आहे. मिक्सर उघडला, पंखा उघडला, स्कूटर उघडली, तुला नाही कळणार. मला वाटायचं बायकांना नाही कळत असं यांचं मत आहे. आता कळलं, फक्त मला.

तीन झाकणं निघाली. खालची जुनी पॅकिंग, कॉर्कची असते, वाळून कडक झालेली आणि लोखंडाला चिकटलेली. ती खरवडायला माझं उलथणं घेतलं. माझं! धिरड्यांचं पातळ उलथणं. श्रद्धा म्हणाली, "आई, याचीच धार बरोबर आहे, नवीन आणून देते." वर पुसायला माझी जुनी सुती साडी फाडली. मला नाही घेतलं, माझ्या वस्तू मात्र सगळ्या घेतल्या.

मध्येच तिनं चहा केला. माझ्या हातचा असता तर कपात, बशीत ओतून. तिनं यांना स्टीलच्या पेल्यात दिला आणि तोही अर्धाच. सासऱ्याला अर्धा पेला चहा! आणि हे काही न बोलता दोन्ही हातांत धरून प्यायले. मी केलेला चहा जरा कमी झाला तर "दूध संपलं का?" म्हणून विचारतात.

शेजारच्या नीलाबेन कुंपणावरून बघत होत्या. "नलिनीबेन, तमारी वहू तो एन्जिन खोले छे! भारे नसीबदार छो."

सून इंजिन उघडते म्हणून मी म्हणे भारी नशीबवान! मी हसले. काय करणार.

१५ सप्टेंबर, सोमवार

हे चमच्यानं वरणभात खायला लागले. सूनबाई खातात ना चमच्यानं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज दोघं पॅकिंग आणायला करजणला गेले. तिनं चक्क रजा घेतली. हायवेवर जुन्या ट्रकांचे सुटे भाग मिळतात तिथं, मान्य. पण सकाळी गेलेले लोक दुपारी उन्हं कलल्यावर आले. मी जेवायची थांबले होते. "वाटेत एक काम होतं," हे म्हणाले. कसलं काम? "आहे जरा तिच्या ऑफिसचं." आणि ती बूट काढत खाली बघत राहिली.

हे हात धुवायला गेले तेव्हा दिसलं, कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी. विचारलं तर म्हणे दुकानात पत्रा लागला. पत्रा कोपराच्या आत कसा लागतो? पण पट्टी तिनं लावली असणार हे कळलं. लागलं की हळद आणायला मी धावते. आता तिथंही माझं काम उरलं नाही.

सुनीतीला फोन केला. तिनं "लिहितेस ना?" एवढंच विचारलं.

उघड लिहिते, कारण इथं कुणी वाचणार नाही. मला श्रद्धाचा मत्सर वाटतो. सून मुलाला तोडते असं ऐकलं होतं, त्याची मनाची तयारी होती. मुलगा जागच्या जागी आहे. नवरा गेला.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. मी स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ थापत होते आणि खिडकीतून यांचा आवाज येत होता. हे बोलत होते! जेवताना "मीठ दे" यापलीकडे न बोलणारा माणूस इतकं बोलतो.

"पॅकिंग नुसती टेकवायची, ओढायची नाही. झाकण बसव. आता बोल्ट सगळे आधी हातानं. बोटांनी फिरतील तितकेच. मग पाव फेरा. एका बाजूनं सुरू करून ओळीनं जायचं नाही, समोरासमोरचे घ्यायचे. हातानं, मग पाव फेरा. त्याच्या पुढं मोह होतो, तो आवरायचा."

"आणि सैल राहिलं तर, बाबा?"

"सैल राहिलं तर परत कसता येतं. चिरडलं तर गेलं."

"तुम्ही एकदा हात लावून बघा ने."

खुर्ची करकरली. मग हे म्हणाले, "नको. तुझा अंदाज बरोबर आहे."

तुझा अंदाज बरोबर आहे. माझ्या लोणच्याच्या बरण्या कधी बुरसल्या नाहीत, माझा अंदाज बरोबर आहे असं एकदा तरी म्हणायचं होतं. कढईतला वडा करपला. तो मी खाल्ला.

ट्रायल बुधवारी घेणार आहेत, केयूरची त्या दिवशी सुट्टी आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. श्रद्धा ऑफिसात. हे जेवून झोपले. मी रात्रीच्या पोळ्यांची कणीक मळत होते आणि खिडकीतून तो ट्रक माझ्याकडे बघत होता. नाक उघडंच ठेवलेलं, स्टूल तिथंच, पाने वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले.

मी गेले. हात नुसते पदराला पुसले. स्टुलावर चढले. इतके दिवस ज्यावरून एवढं कौतुक चाललंय ते काय आहे ते एकदा बघू तरी. तीन झाकणं, त्यांवर बोल्ट. पाना लावून बघितला, तर तो सहज फिरला! म्हणजे सैल होता. दुसरा बघितला, तोही. पोरीनं सगळे सैल ठेवले होते आणि हे म्हणतात अंदाज बरोबर आहे.

मग मी कसले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीनं, एकही सोडला नाही. माझ्या हातात जोर आहे. नारळ मीच फोडते, गॅसच्या सिलिंडरचं टोपण मीच काढते. शेवटच्या बोल्टला तर दोन्ही हात लावले. घाम आला, पण इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिचं अर्धवट काम मी पुरं केलं. बुधवारी गाडी एक थेंब गाळणार नाही आणि तेव्हा मी सहज म्हणेन, बोल्ट जरा सैल होते, मी बघितले.

हे अजून घोरताहेत.

२४ सप्टेंबर, बुधवार

केयूरनं गाडी सुरू केली. आवाज गोड. हे खुर्चीतून उठले, त्यांचा चेहरा खुलला होता. मी दारात, बोलायच्या तयारीत. आणि मधल्या झाकणाखालून तेल बाहेर आलं. आधी एक रेघ, मग धार. पाइपावर पडून धूर. केयूर ओरडून खाली उतरला. 

झाकण काढलं तर कॉर्क चिरडून बाजूला आला होता, दोन ठिकाणी तुटलेला. तिन्हींची तीच गत.

"श्रद्धा," हे म्हणाले, "इतकं कसायचं नसतं, सांगितलं होतं ना. मोह आवरायचा म्हणून."

तिनं वाकून पाना उचलला. त्याच्या दांड्याला काहीतरी वाळून पांढरं चिकटलं होतं. तिनं ते नखानं खरवडलं, बोटांत चुरून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. माझ्या साडीच्या फडक्यानं पाना स्वच्छ पुसला आणि म्हणाली, "माझं चुकलं, बाबा. परत करू."

मी आत गेले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तिनं सांगितलं असतं तर मला भांडता आलं असतं. म्हटलं असतं, मला कधी शिकवलं का कुणी, मग चुकेल नाही तर काय. ती बोललीच नाही. उलट ऑफिसातून येताना माझ्यासाठी नवं उलथणं घेऊन आली. चांगुलपणातसुद्धा तिचाच पहिला नंबर. मला ते उलथणं फेकून द्यावंसं वाटलं. त्यावर संध्याकाळी धिरडी केली, एकही चिकटलं नाही.

हे मात्र गप्प झाले आहेत. दाढी करताना गालावर दोन ठिकाणी कापून घेतलं. लक्ष सगळं ट्रककडे. मी काही विचारलं की म्हणतात, "दसरा होऊ दे, मग विकून टाक." मला आनंद व्हायला हवा.

१ ऑक्टोबर, बुधवार

नवी पॅकिंग काल आली. पण आज खंडेनवमी, पाने, हातोडी, सगळी हत्यारं देवापुढे गेली. पूजेतली हत्यारं दसरा होईपर्यंत उचलायची नाहीत, हा यांच्या वडिलांपासूनचा नियम. म्हणजे मुदत टळली. मी काही बोलले नाही, यांनीही काढलं नाही.

पूजेत पान्यांवर हळदकुंकू मी वाहिलं. त्या एका पान्यावर जरा जास्त पडलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

हात कापताहेत माझे लिहिताना. हे असं लिहायला नको होतं, पण आता लिहिलं आहे.

सकाळी फाफडा-जिलेबी आणली, पुरण शिजवलं, सगळं नेहमीसारखं. विश्राम गावाहून आला. ट्रक धुतला, झेंडूची माळ घातली. नीलाबेन त्यांच्या घरच्या सगळ्यांना घेऊन आल्या, दरवर्षी येतात. ट्रकच्या पुढच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक हे काढतात. गाडी आली तेव्हापासून, आणि त्याआधी स्कूटरवर, त्याआधी माझ्या शिलाई मशीनवरसुद्धा यांनीच काढलेलं. सुबक. मोजपट्टीनं काढल्यासारखं.

यांनी तबकाकडे बघितलं आणि म्हणाले, "श्रद्धा, यंदा तू काढ."

माझा तोल गेला. आरती दिली, चहा दिला, इंजिन दिलं, आता हेही. मी तबक उचललं आणि मोठ्यानं म्हणाले, "इतकी वर्षं ज्यांनी काढलं तेच काढतील. काय हो? हातात मेंदी आहे का तुमच्या?"

सगळे हसले. श्रद्धा पुढं झाली, अगदी हळू म्हणाली, "आई, नको ने. द्या माझ्याकडे."

"तू थांब गं."

आणि मी तबक यांच्या हातात दिलं.

तबक वाजायला लागलं. वाटी तबकावर आपटत होती, तिचा आवाज होत होता. यांनी ते दुसऱ्या हातानं धरलं, बोट कुंकवात बुडवलं आणि काचेला लावलं. रेघ सरळ जाईना. बोट काचेवर नाचत होतं. कुंकू सदऱ्यावर सांडलं. यांनी माझ्याकडे बघितलं. असं बघताना मी यांना कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलाला वर्गात उभं करावं तसे उभे होते आणि उभं मी केलं होतं.

मी यांचं मनगट धरलं. आत पाखरू फडफडावं तसं ते फडफडत होतं. मी घट्ट धरलं, मग जरा सैल केलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते स्वस्तिक काढलं. वेडंवाकडंच झालं.

नीलाबेननी टाळ्या वाजवल्या. "वाह! जोडी तो जुओ!" जोडी बघा म्हणे.

लोक पानं देऊन, सोनं घ्या म्हणून गेले. मी खोलीचं दार लावलं आणि विचारलं. कंपवाताची सुरुवात आहे. डॉक्टरला दाखवलं, रक्त तपासलं, गोळ्या चालू आहेत, करजणला गेले त्या दिवसापासून.

"श्रद्धाला कधीपासून माहीत आहे?"

"गणपतीत तबक हातातून पडणार होतं. तिनं वेळेवर धरलं. मग लपवता आलं नाही."

मी शेजारी उभी होते. खांद्याला खांदा लावून. आणि मी कोणाच्या हातात तबक गेलं तेवढंच बघितलं.

"मला का नाही सांगितलं?"

बराच वेळ हे सदऱ्यावरचं कुंकू झाडत बसले. मग म्हणाले, "तुला कळलं असतं तर तू माझ्या हातातला पेलासुद्धा काढून घेतला असतास, नलू. भरवायला बसली असतीस. मला अजून थोडे दिवस आपल्या हातानं प्यायचं होतं."

मी रडले. आणि खरं लिहायचं तर रडतानाही मनात हेच होतं, हेसुद्धा तिला आधी सांगितलं. कळलं तिला आधी, जपलं तिनं, शिव्या खाल्ल्या तिनं. मत्सर एका दिवसात जात नाही. पण आज पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मी यांना म्हटलं, "ट्रक विकायचा नाही. पॅकिंग मी बसवणार."

"तुला..." एवढंच म्हणाले आणि थांबले.

साडी खोचली. श्रद्धानं वर्तमानपत्र पसरलं, पाने मांडले, तो पाना उचलून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, आधी हात धुऊन घ्या हां. मागच्या वेळी कणीक लागली होती पान्याला."

मी यांच्याकडे बघितलं. हे खोखो हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "घरात एवढा जोर दुसऱ्या कुणाच्या मनगटात आहे?" म्हणाले. म्हणजे यांनाही माहीत होतं! आणि त्या दिवशी धुराच्या समोर उभं राहून दोघांनी मिळून माझी लाज राखली. आता याचाही राग येऊ द्यायचा की नाही, ते मी उद्या ठरवीन.

श्रद्धानं कडा पुसून दिल्या, मी कॉर्क टेकवला, झाकण ठेवलं, बोल्ट बोटांनी फिरवले. मग पाना. हे खुर्चीतून उठून स्टुलाला टेकून उभे राहिले. माझ्या मनगटावर आपला हात ठेवला. थरथर सगळी माझ्या हातात येत होती, पण त्या थरथरीच्या आत यांना बरोबर कळत होतं. पाना जरा अडला की म्हणायचे, "बस." मला वाटायचं अजून थोडं जाईल, हात शिवशिवायचा. "बस, नलू." मी थांबायचे. समोरचा बोल्ट घ्यायचे. तिन्ही झाकणं तशीच बसवली.

विश्रामनं गाडी सुरू केली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. मी साडीच्या पदरानं झाकणाखालची कड पुसली, पदर कोरडा. पुन्हा पुसली. विश्राम गाडी इस्टेटीपर्यंत फिरवून आला, तरी कोरडा.

"अंदाज बरोबर आहे तुझा," हे म्हणाले.

श्रद्धा चहाचं आधण ठेवायला आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले आणि सांगितलं, यांचा चहा आजपासून मी ओतणार. ती गाळणं माझ्या हातात देऊन बाजूला सरकली. मी स्टीलचा पेला काढला. अर्धाच भरला. बाहेर नेऊन यांच्या दोन्ही हातांत दिला आणि मागं होऊन पायरीवर बसले. थोडा सदऱ्यावर सांडला. मी बसूनच राहिले.